समोरच्या गाडीत भाऊ होता

कुहीला कौशल्याच्या माहेरच्या एका भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. दुपारच्या पंगती उठल्या तेव्हा तिला आपला धाकटा भाऊ पंकज मांडवामागून येताना दिसला. पाऊल जरा जास्तच जपून टाकत होता. जवळ गेली तसा तिला दारूचा भपकारा आला.

“गाडी राहू दे इथंच. आमच्यासंग चाल.”

“ताई, तू पण ना! दोनच पेग झाले. मले काई होत नाही.”

“चाबी दे इकडे.”

त्याने चाबी डोक्यावर उंच धरली. पाहुणे हसले. तिचे यजमान देवराव हलक्या आवाजात म्हणाले, “चार लोकांत काहून तमाशा करून राहिली वं?” कौशल्याने पुढे केलेला हात मागे घेतला. पंकजला समजावून समजावून तिचं तोंड कधीचंच दुखून गेलं होतं.

ती आणि देवराव आपल्या गाडीने नागपूरच्या रस्त्याला लागले आणि थोड्या वेळात पंकजची लाल गाडी सुसाट त्यांच्या पुढे गेली. कधी या कडेला, कधी त्या कडेला. कौशल्याने फोन लावला, त्याने उचलला नाही. देवराव हॉर्न वाजवत राहिले. पुढे एक मुलगी स्कुटीवरून आपल्या बाजूने नीट चालली होती. लाल गाडी तिच्याकडे वळत गेली. कौशल्या ओरडली, पण काच बंद होती. धडकेसरशी स्कुटी रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीत जाऊन पडली आणि मुलगी डांबरावर.

पंकज खाली उतरला. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. “मधातच आली ते, ताई,” तो म्हणाला. पहिलं वाक्य हेच.

कौशल्या मुलीकडे धावली. अंगावरची शाल काढून तिने मुलीच्या पायाला गुंडाळली. मुलगी शुद्धीत होती. उन्नती नाव सांगितलं. “काकू, माह्या आईले फोन नका करू. तिले बीपी आहे. बाबाले करा.”

त्यांनी तिला मागच्या सीटवर घेतलं आणि नागपूरला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आणलं. रस्ताभर तिचं डोकं कौशल्याच्या मांडीवर होतं. मागून उन्नतीचे वडील बबनराव पोहोचले. ते चिडले नाहीत, रडलेही नाहीत. फक्त विचारलं, “कोणाची गाडी होती?”

“माह्या भावाची,” कौशल्या म्हणाली.

ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

पंकजची बायको धनश्री धावतपळत आली. साक्षगंधाला ती आलीच नव्हती. तिने कौशल्याला जिन्याजवळ ओढलं. “ताई, म्हैस आडवी आली म्हणा ना. तुम्ही मागंच होत्या, तुमचं मानतीन पोलीस.”

“म्हैस नव्हती वं.”

“तुमचा सख्खा भाऊ आहे ताई!”

“मले माईत आहे.”

पोलिसांनी पंकजच्या रक्ताचा नमुना घेतला होता. जमादारही तिला म्हणाला, “बाई, भाऊ आहे तुमचा. विचार करून बयान द्या.” विचार करायलाही अंगात त्राण नव्हतं. साडीवर रक्त वाळलं होतं, कंबर भरून आली होती. तिने मांडवातल्या वासापासून डांबरापर्यंत जे पाहिलं ते ओळीने सांगितलं. देवराव खिडकीबाहेर बघत उभे होते. मध्येच पुढे येऊन म्हणाले, “मीबी होतो गाडीत. माहाबी लिहून घ्या.”

उन्नतीच्या पायात रॉड बसला. ती पुन्हा कॉलेजला जाऊ लागली, पण गुडघा पूर्ण वाकत नाही. माहेरचे फोन बंद झाले. भाचीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. कोर्टाच्या तारखा तेवढ्या येत राहिल्या. कधी वकील नसायचा, कधी जजसाहेब रजेवर. अखेर एकदा तिची साक्ष झाली. पंकज समोर मान खाली घालून उभा होता. तिने सगळं पुन्हा सांगितलं. तिचा आवाज कुठे चढला नाही, कुठे कापला नाही.

बाहेर पायऱ्यांवर ती टेकली तेव्हा धनश्री पाण्याची बाटली घेऊन आली. तिच्या शेजारी बसली.

“हे घरी पेतात अजून,” ती म्हणाली. “पण गाडीले हात नाही लावत.”

यावर आनंद मानावा की काय, ते कौशल्याला कळेना. “बरं,” ती म्हणाली, आणि बाटली घेऊन घोटभर पाणी प्याली.