जिना चढलेलं नाक

दुकानात तिच्याकडे अत्तरांचा काउंटर होता. दुपारपर्यंत नाक असं चोंदायचं, की ती तोंडाने श्वास घेत गिऱ्हाइकांना गुलाब आणि चंदन यांतला फरक समजावून सांगायची. ॲलर्जीच्या सगळ्या तपासण्या झाल्या; काही निघालं नाही. मॅनेजर म्हणाला, ॲलर्जी नाही म्हणजे नखरे. टॉवेलच्या विभागात बदली हवी असेल तर डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो.

नाकाचा दवाखाना चौथ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती. दारावर पाटी होती, 'इथे थांबावं लागत नाही.' ते खरं होतं. बाकंच काढून टाकली होती. ती धापा टाकत पोचली तशी तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी तिच्या तोंडावर मास्क दाबला आणि नाकाने जोरात श्वास ओढायला सांगितलं. नळीतला लाल काटा पार टोकाला गेला.

"नाक मोकळं आहे," डॉक्टर म्हणाले.

"आत्ता आहे. दुकानात नसतं."

"यंत्र खोटं बोलत नाही."

ते खोटं बोलतही नव्हतं. चार जिने चढले की नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि चोंदलेलं नाकही थोडा वेळ मोकळं होतं. म्हणून मोजण्याआधी रुग्णाला अर्धा तास शांत बसवायचं असतं. इथे बसवायला बाक नव्हतं. त्यामुळे या दवाखान्यात आजवर कुणाचंच नाक बंद सापडलं नव्हतं, आणि डॉक्टरांना त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर सासूबाई आल्या. प्रत्येक मजल्यावर गुडघ्यांचा उद्धार करत त्या वर चढल्या आणि थेट डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या. माझा श्वास जागेवर येईपर्यंत सून कुठे हलणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सून मास्कच्या खोक्यावर टेकली. सासूबाईंनी तंत्रज्ञ बाईंना दोन्ही गुडघ्यांचा इतिहास सांगितला. उजवा संपून डावा निम्मा होईतो सुनेचं नाक नेहमीसारखं चोंदलं. मग मास्क लावला, तर काटा निम्म्यावरच अडखळला.

डॉक्टरांनी मास्क बदलला, नळी बदलली, यंत्राला दोन टपल्या मारल्या. काटा तिथेच. मग त्यांनी शास्त्रीय विचार केला. जिना तोच, यंत्र तेच, नाक तेच. गेल्या खेपेपेक्षा खोलीत नवीन काय आहे? त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं.

दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'ॲलर्जी नाही. सासूच्या सान्निध्यात नाक चोंदते. संपर्क टाळावा.'

सासूबाईंनी तो जिन्यात थांबून वाचला.

"आळ पुष्कळ आले माझ्यावर," त्या म्हणाल्या. "पण सहीशिक्क्यासकट हा पहिलाच."

मॅनेजर मात्र खूश झाला. अत्तरांच्या काउंटरवर सासूबाई नसतात, म्हणजे ती जागा तुम्हाला उत्तम, असा निकाल त्याने दिला.

संध्याकाळी सून म्हणाली की आता नोकरीच सोडते. सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "दुकान किती वाजता उघडतं गं तुझं?"

सकाळी त्या गिऱ्हाईक म्हणून आल्या, काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि एकेक बाटली हुंगायला मागू लागल्या. दुपारपर्यंत सुनेचं नाक शिरस्त्याप्रमाणे बंद झालं. तिने दाखला काचेवर ठेवला. मॅनेजरने सासूबाईंना अदबीने घरी जायला सुचवलं.

"जाईन की. पसंत पडलं की जाईन."

दुसऱ्या दिवशीही त्यांना काही पसंत पडलं नाही. गिऱ्हाइकाला उठवता येत नव्हतं आणि डॉक्टरची सही नाकारता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी सुनेला टॉवेलकडे पाठवलं. तिथे कसलाच वास नव्हता. संध्याकाळी ती दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेत घरी निघाली.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. इतके दिवस हुंगून एकही बाटली न घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी गुलाबाची छोटी बाटली घेतली होती आणि साडीला सढळ हाताने लावली होती.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"छान आहे, आई," सून तोंडाने श्वास घेत म्हणाली.

डॉक्टरांचं निदान अखेर बरोबर ठरलं.