काट्याची बढाई

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तरची. समुद्राकाठच्या त्या लहानशा धावपट्टीवर तेव्हा एकच कंपनी होती, कंपनीचं एकच विमान होतं आणि विमानाला एकच इंजिन. कारभार सगळा घरचा. मालक काका. वैमानिक त्यांचा पुतण्या. अडतीस वर्षांचा बाप्या झाला तरी सगळे त्याला धाकटा म्हणत. रेडिओवर धाकट्याची बायको. आणि इंजिन बघायची ती ताई, धाकट्याची थोरली बहीण. आईवडिलांमागे दोघांना काकांनीच वाढवलं होतं. इंजिनाचं काम ताई त्यांच्याच हाताखाली शिकली आणि परीक्षा मात्र त्यांच्यापेक्षा वरच्या देत गेली. लॉगबुकात ताईची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. बेटांवरच्या दवाखान्यांना डॉक्टर आणि औषधं पोचवायची तर त्या काळी दुसरा वेगाचा मार्ग नव्हता, म्हणून त्या सहीला भारी वजन होतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता इंजिनाच्या कारखान्याचं एक छापील पत्र आलं. सरळ उडताना इंजिनाचे फेरे मिनिटाला तेवीसशेच्या खाली ठेवू नका, असं त्यात बजावलं होतं. या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला, लोलकासारखी हलणारी वजनं असतात. प्रत्येक स्फोटाचा हिसका ती आपल्या अंगावर घेतात आणि शाफ्टला पिळवटू देत नाहीत. पण फेरे कमी ठेवून इंजिनावर भार टाकला की ती प्रमाणाबाहेर झुलतात, ती ज्या पिनांवर झुलतात त्यांचे बुश, म्हणजे धातूच्या कड्या, झिजतात, आणि मग सगळे हिसके शाफ्टलाच सोसावे लागतात.

धाकट्याने पत्र वाचून ताईला परत केलं. "हे आपल्यासाठी नाही. माझा फेऱ्यांचा काटा तेवीसशेच्या खाली गेला असेल तर मिशी उतरवीन."

"मिशी राहू दे," भावजय म्हणाली. "वन्सं, मला एक सांगा. पहिल्या बेटाला पोचायला यांना पन्नास मिनिटं लागायची. हल्ली त्रेपन्न-चोपन्न लागतात. विचारलं की म्हणतात, वारा समोरचा होता. जाताना समोरचा, येतानाही समोरचा. असला आज्ञाधारक वारा मी तरी पाहिला नाही."

धाकटा हसला. ताई हसली नाही. "हे कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील."

ताईचा हात कामातच थांबला. तीन वर्षांपूर्वी फेरे दाखवणारं मीटर बिघडलं होतं. नवं यायला महिना लागणार, म्हणून काकांनी एका मोडीत निघालेल्या विमानाचं मीटर आणलं आणि ताईने ते बसवलं. काटा झकास फिरला. तो खरं बोलतो की नाही, हे तिने पडताळून पाहिलं नव्हतं. फेरी खोळंबली होती आणि डॉक्टर सामान घेऊन दारात उभे होते. सही तिचीच होती.

ती काकांच्या खोलीत गेली. काका चष्मा पुसत होते.

"काका, मला काटा तपासायचाय. विमान बाहेर ठेवून त्याचं नाक हँगरच्या दाराकडे करून घेते. तुम्ही शेजारी बसा."

"उद्या सकाळी डॉक्टरांना न्यायचंय, आणि तुला आज हे सुचतंय?"

"उद्या न्यायचंय म्हणूनच आज."

आभाळ भरून आलेलं होतं आणि हँगरच्या आत दिवसाही अंधार होता. तिने आतल्या सगळ्या ट्यूबलाइट लावल्या, चाकांना ठोकळे लावले आणि स्वतः वैमानिकाच्या जागी बसली. काका बाजूला. ट्यूबलाइट दिसायला एकसारखी जळते, पण खरं तर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. विमानाच्या नाकावरचा दोन पात्यांचा पंखा मिनिटाला बरोबर पंधराशे फेरे फिरत असला आणि त्याच्यातून ट्यूबलाइटकडे पाहिलं, की चार पात्यांची फुली हवेत थिजल्यासारखी दिसते. हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

तिने काटा पंधराशेवर आणला. समोर फुली दिसत होती, पण थिजलेली नव्हती. ती हळूहळू उलट सरकत होती.

"कमी आहेत फेरे," काका पुटपुटले.

ताईने अगदी सावकाश वेग वाढवला. सरकणं मंदावलं आणि फुली स्थिर झाली. काटा सोळाशेच्या पुढे गेला होता.

काकांनी वाकून मीटर पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा मीटर पाहिलं. तिने इंजिन बंद केलं.

"काटा शंभराहून जास्त फेऱ्यांची बढाई मारतोय," ताई म्हणाली. "तेवीसशे म्हणतो तेव्हा खरे जेमतेम एकवीसशे-बावीसशे. तीन वर्षं. मीटर मी बसवलं, तपासलं नाही. चूक माझी."

धाकटा विमानाच्या पंखाजवळ उभा राहून ऐकत होता. त्याचा हात आपसूक मिशीकडे गेला आणि तिथून गुपचूप खाली आला.

काका अनुभवी माणूस. त्यांनी लगेच वाट काढली. "मग सोपं आहे. आजपासून काटा साडेचोवीसशेवर ठेवायचा. कारखान्याचं म्हणणंही राहील आणि उद्याची फेरीही होईल."

"आजपासूनचं ठीक आहे. मागच्या तीन वर्षांचं काय? वजनांचे बुश झिजले असतील तर वेग वाढवून ते भरून येणार आहेत का? दोन सिलिंडर काढून मला आत बघायचंय."

"आठवडा जाईल."

"जाऊ दे."

"ताई, इंजिन लोण्यासारखं चालतंय," धाकटा म्हणाला. "एवढी एक फेरी करून येतो, मग उघड काय उघडायचं ते."

"आणि पंचविसाव्या मिनिटाला शाफ्ट तुटला तर? खाली पाणी, पुढे पाणी, मागे पाणी. लोणी लावत बसशील?"

काकांचा आवाज चढला. "अगं, पंख्याला हात पुरेना तेव्हा तुला स्टुलावर उभं केलं मी. आज मला शिकवतेस? सही कर. मी सांगतोय."

सारं आयुष्य तिने काकांना उलट उत्तर दिलं नव्हतं. तिने लॉगबुक उघडलं आणि सहीच्या जागी सावकाश लिहिलं: क्रँकशाफ्टची तपासणी होईपर्यंत विमान उडण्यास अयोग्य. खाली तारीख घातली, नाव लिहिलं आणि वही काकांसमोर ठेवली.

"दुसऱ्या कुणाची सही आणायची तर आणा, काका. पण हे पान त्यालाही वाचावं लागेल."

काका वही न मिटताच निघून गेले. भावजयीने मात्र कोणाला न विचारता बंदरावर फोन केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर लाँचने गेले, सहा तास उलट्या करत. ताईला ते चांगलंच लागलं, पण हातातला पाना तिने खाली ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सिलिंडर निघालं. तिने आत हात घालून एक वजन हलवलं. ते सैल दातासारखं खुडखुडलं. बुश लंबगोल झाले होते आणि पिनांना नखाला लागतील अशा खाचा पडल्या होत्या. मग तिने शाफ्ट पुसून लाल रंग लावला, वेळ जाऊ दिला, पुन्हा पुसला आणि वर पांढरी पूड मारली. पुडीतून एक रेघ उमटली, तड्यात शिरलेल्या रंगाची. बोटभर लांब, केसाएवढी बारीक, रक्तासारखी लाल.

तिने काकांना बोलावलं नाही, तेच आले. भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. मग धाकट्याला म्हणाले, "बघून घे. याच्यावर बसून जाणार होतास." आणि ताईच्या हातातलं फडकं घेऊन दुसरं सिलिंडर सोडवायला बसले. संध्याकाळपर्यंत दोघं काम करत होती. बोलली ती फक्त पान्यांच्या मापांपुरती.

नवा शाफ्ट यायला सात आठवडे लागले. त्या इंजिनाने पुढे नऊ वर्षं इमानाने काम केलं. मग बेटांवर मोठ्या कंपन्यांची विमानं जाऊ लागली आणि ही कंपनी बंद पडली. काकांना शेवटची काही वर्षं ऐकू येईनासं झालं, तरी ते रोज हँगरमध्ये खुर्ची टाकून बसत. एका दुपारी खुर्चीतच गेले. धाकटा साठीपर्यंत उडत राहिला आणि कुठे पाच मिनिटं उशीर झाला तरी वाऱ्याचं नाव घेईनासा झाला. भावजय पुढे मोठ्या विमानतळावर नियंत्रण कक्षात लागली. तिचा आवाज ओळखणारे वैमानिक अजून आहेत. ताईने लग्न केलं नाही. तंत्रशाळेत तिने बावीस वर्षं इंजिनं शिकवली, आणि स्वतःची चूक दर वर्षी पहिल्याच तासाला सांगितली. ऐंशीव्या वर्षी डोळे गेले तेव्हाही पिनेवरून नख फिरवून ती झीज सांगत असे, आणि सहसा चुकत नसे.