उजवा पाय कोणाचा

आमच्या संग्रहालयात माणसाच्या दीडपट उंचीचा एक पक्षी उभा आहे. पंख नावालाच, सगळा जोर पायांत. लाखो वर्षांपूर्वी ही जातच संपली. खाणीत सापडलेली त्याची हाडं जुळवून सांगाडा उभा केला तो माझ्या सासऱ्यांनी. ते निवृत्त झाले आणि त्याची देखभाल माझ्याकडे आली. तेव्हा ‘वशिला’ म्हणून नाकं मुरडणारे आज माझ्याकडेच शंका घेऊन येतात. असो.

परवा मी त्याचं जुनं रोगण काढायला घेतलं. उजव्या नडगीवरचा थर निघाला आणि घोट्यापाशी सांध्याची बारीक रेघ दिसली. पक्षी पुरता वाढला की ही रेघ बुजून जाते. डावी नडगी खरवडून पाहिली, तर गुळगुळीत! उंची सारखी, पण वय वेगळं. म्हणजे दोन पाय दोन पक्ष्यांचे.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “बाबांना कळू देऊ नकोस हं. तो पक्षी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.”

खरंच होतं ते. एक्याऐंशीचे बाबा दिवसभर खिडकीशी बसून एकच पेपर तीनदा वाचतात. पाहुण्यांना पक्ष्याबद्दल सांगतानाच काय तो चेहरा खुलतो. तेवढंही हिरावून घ्यायचं? पण चूक झाकायची नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. संध्याकाळी चहा देताना मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाबा एकदम कडाडले, “बावीस वर्षं रोज त्याच्यासमोरून जातेस, आणि तुला आत्ता दिसलं होय गं?”

“रोगण तुम्हीच फासलंत ना एवढं जाड!” मी ऐकून घेते की काय.

“फासलं खरं. गाढवपणा झाला,” म्हणाले, आणि चष्मा शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तयार. संग्रहालयात ती उजवी नडगी सोडवून मांडीवर घेऊन त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला.

“हिच्या जोडीची नडगी तळघरातल्या उरलेल्या हाडांच्या पेट्यांत असणार. एकेक हाड तपासायला हवं. पाच वर्षं तरी कुठे गेली नाहीत.”

“पाच?”

“मग! घाई केली की काय होतं, बघितलंस ना?”

एक्याऐंशीचा माणूस पाच वर्षांचं काम अंगावर घेत होता. मला इतकं बरं वाटलं की उलट बोलायचंच राहून गेलं.