चापट मारण्याआधी झाकण उघडा

मित्रांनो, मी एक जुनी स्प्रिंग आहे. टॉर्चच्या मागच्या झाकणात बसते, सेलना पुढे रेटून धरते आणि त्यांची वीज माझ्या वेटोळ्यांतून जाऊ देते. तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे कधी लक्ष दिलं नसेल. सेल बदलताना झाकण काढता, मला खाली पाडता आणि मग पलंगाखाली शोधत बसता. तेवढीच आपली ओळख.

पोलादाची बारीक तार गरागरा गुंडाळून मला एका कारखान्यात घडवलं. पोलाद चिवट, दाबलं तरी पुन्हा उसळतं, म्हणून माझी निवड झाली. वीज वाहून न्यायला मात्र पोलादाचा हात जरा आखडताच. हे मी तेव्हाच सांगितलं असतं, पण स्प्रिंगला विचारतंय कोण?

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे आमची टॉर्च आली. पहिली वर्षं बरी गेली. दिवा छोटा होता, त्याला वीज थोडी लागायची. चांगला उजेड पडला की मिस्त्री काचेकडे बघून म्हणायचे, "काय झकास दिवा आहे!" आणि उजेड कमी झाला की टॉर्चच्या बुडावर चापट. बुडाशी कोण बसलेलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मग मिस्त्रींना हौस आली. त्यांनी जुना दिवा काढून चांगला दणदणीत एलईडी बसवला. जास्त उजेड म्हणजे जास्त वीज, आणि ती सगळी माझ्या त्याच किडकिडीत तारेतून! माझ्या नाकी नऊ आले. मी तापायचे, दिवा मंदावायचा. "सेल भिकार निघाले," मिस्त्री म्हणायचे. नवे सेल घातले, पुन्हा तेच. चापट बसली की मी जराशी सरकायचे, क्षणभर उजेड वाढायचा, आणि त्यांना वाटायचं की चापट हेच औषध. अशा माणसांपुढे किती कपाळ बडवून घ्यायचं? तापून तापून माझा ताठाही गेला. मी सेलना धड दाबेनाशी झाले.

आता त्यांच्या कामाची रीत ऐका. मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभे राहून दोन्ही बाजूंच्या रुळांना ग्रीस लावायचे. वर मोटारच्या खोलीत त्यांचा मेव्हणा असायचा. मोटारच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघांनी एक नियम ठरवला होता. टॉर्च चालू असेल तोवर लिफ्ट हलवायची नाही. तेवढं काम झालं की मिस्त्री टॉर्च बंद करणार, आणि दोरांच्या भोकातून दिसणारा खालचा उजेड गेला की मेव्हणा लिफ्ट थोडी वर घेणार. तेवढेच सेल वाचतात म्हणे! अहो, उजेड गेला म्हणजे काम झालं, हे कुणी ठरवलं? उजेड माझ्यामुळेही जाऊ शकतो, हे या दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही.

आणि एके दिवशी तो गेलाच. मिस्त्रींचा हात रुळाच्या फटीत होता. माझी पकड सुटली, अंधार झाला, आणि लिफ्ट हलली. मिस्त्री असे ओरडले की मोटारच्या आवाजातही मेव्हण्याला ऐकू गेलं. हात वाचला, पण दोन बोटांची नखं गेली.

घरी सगळं खापर मेव्हण्याच्या डोक्यावर फुटलं. "झोपा काढतोस का वर?" मिस्त्री गरजले.

"भावोजी, आईशप्पथ, दिवा विझला होता!"

"मी विझवलाच नव्हता!"

मिस्त्रींची बायको घरी मिक्सर-इस्त्र्या दुरुस्त करायची. तिने दोघांना गप्प केलं, टॉर्च पेटवून ठेवली आणि जरा वेळाने झाकण उघडून मला बोट लावलं. "आई गं! ही तर चटका देतेय. आणि तुम्ही दोघं एकमेकांवर भुंकताय."

कुणीतरी पाहिलं एकदाचं! मला रडू आलं असतं, पण पोलादाला तेही जमत नाही. तिने मला थोडं ओढून ताठ केलं, दोन्ही टोकं घासून लख्ख केली. मिक्सरच्या जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारांची बारीकशी वेणी घातली आणि ती माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जरा सैल ठेवून, सोल्डर केली. आता वीज तांब्यातून सुखाने जाते आणि मी फक्त सेल दाबून धरते. दिवा असा लागला की मेव्हण्याने डोळ्यांवर हात धरला.

यावर मिस्त्री काय म्हणाले असतील? "चला, टॉर्च पक्की झाली. जुनाच नियम चालू!"

मी हतबुद्ध झाले. अहो, मी स्प्रिंग आहे, तुमच्या जिवाची जामीन नाही!

काही आठवड्यांनी तसंच झालं. मिस्त्रींचा हात फटीत, आणि दिवा गेला. या खेपेला खरोखरच सेल संपले होते, तरी चापटा मलाच. एक, दोन, तीन. वरून मेव्हण्याला अंधारच दिसत होता. नियमाप्रमाणे लिफ्ट हलायला हवी होती.

ती हलली नाही. मोटारच बंद झाली. जिन्यावरून धावत येणारी पावलं वाजली आणि लिफ्टच्या जाळीच्या दाराशी मेव्हण्याचा आवाज आला.

"भावोजी, हात बाहेर आहे का?"

मिस्त्रींनी चापटा थांबवल्या. मग सावकाश म्हणाले, "आत्ता काढतोय. थांब."

"थांबलोय."

त्या दिवसापासून मोटार बंद करून मिस्त्रींची हाक ऐकल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, आणि कामावर निघण्यापूर्वी मेव्हणा झाकण उघडून मला फडक्याने पुसतो. मित्रांनो, तुमच्या टॉर्चचा दिवा मंदावला तर चापट मारू नका, आधी झाकण उघडून आत बघा. आणि समोरचा उजेड गेला, तर त्या माणसाचं काम झालं असं धरून चालू नका. एकदा विचारा.