पेलाभर पपनसाचा रस

सारा जन्म शिडीवर काढलेला रंगारी. मांड्या दुखू लागल्या तेव्हा त्याने ते वयावर ढकललं. बायकोने मात्र मनावर घेतलं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करताना डॉक्टर ‘फळं खात जा’ म्हणाले होते, आणि परसात पपनसाचं झाड फळांनी लगडलेलं. रोज सकाळी ती पेलाभर रस काढायची आणि रसासोबत गोळी त्याच्या हातावर ठेवायची. दुखणं वाढलं, तसा तिने मोठा पेला काढला. लघवीला काळ्या चहाचा रंग आला तरी हा पठ्ठ्या गप्प. लोकांच्या भिंतीवरची छटा जरा बदलली की ओळखणाऱ्याला हे दिसलं नसेल थोडंच? पण हातातलं काम पुरं करायचं होतं. शेवटी एके दिवशी शिडीवरच पाय गळाले.

रुग्णालयात बायको औषधं आणायला गेली असताना डॉक्टरीणबाईंनी त्याला खोदून खोदून विचारलं. पपनसाचं नाव निघताच त्या थांबल्या.

“त्या रसाने गोळीचा अंश रक्तात वाढत गेला. त्यामुळे स्नायू झिजले आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडांत जाऊन बसला.”

“हे तिला सांगू नका,” तो म्हणाला. “स्वतःला खात बसेल ती.”

बाईंना ते पटलं नाही. तरी बायकोला त्यांनी एवढंच सांगितलं की गोळी बंद, आणि मूत्रपिंडांसाठी फळांचे रसही बंद.

आता आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडून घ्यायचं आणि उरलेले दिवस पलंगावर काढायचे. खराब गोळी दिली म्हणून बायको औषधवाल्याला शिव्या घालायची. तो बिचारा कशातच नव्हता. रंगारी ऐकून घ्यायचा आणि त्याला स्वतःची लाज वाटायची.

एका सकाळी ती पिशवीत पपनसं भरताना दिसली.

“कुणाला?”

“भाऊजींना. त्यांनाही तुमचीच गोळी लागलीय ना. परवाही दिली होती, रस काढून घेतायत म्हणे. आपल्याकडे नुसती वाया जातायत.”

तो पलंगावर उठून बसला. धाकट्या भावाला परस्पर सांगावं? पण धाकट्याच्या पोटात काही राहायचं नाही. संध्याकाळपर्यंत हिच्या कानावर आलंच असतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

“पिशवी ठेव,” तो म्हणाला. “बस इथे.”

ती बसली. तिच्या बोटांना सालीचा वास येत होता. त्याने सगळं सांगितलं, तिच्याकडे न बघता.

तिने बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, “दुखतंय म्हणालात, म्हणून मी मोठा पेला काढला होता.”

“तुला काय ठाऊक असणार?”

ती उठली. तिने फोन लावला. आवाज अगदी नेहमीचा.

“भाऊजी, आज गोळी घेऊ नका, आणि तो रस ओतून द्या. आधी डॉक्टरांना गाठा. तुमच्या भावाचं मी काय करून ठेवलंय, ते सांगते.”