उसना उकिरडा

आमच्या टेंभुर्णीकडं तव्हा पोरगी बघायला आलेले पाहुणे आधी उकिरडा बघायचे, मंग पोरगी. हसू नका. निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय, पोलीस ॲक्शनच्या धा-बारा वर्सं आधीची. ज्याचा उकिरडा मोठा त्याची जनावरं जास्ती, ज्याची जनावरं जास्ती त्याचं घर भरलेलं. सरळ हिशोब. पोरीला नाक हाय का न्हाई, ते मागून बघायचे.

आमच्याकडं एक बैल आन एक शेळी. उकिरडा काय व्हायचा? दोन स्थळं आली, काठीनं आमचा उकिरडा ढोसला, चहा पिला आन गेली. दुसऱ्या टायमाला तर मला बाहेर बोलावलं बी न्हाई. लुगडं नेसून मी दिवसभर चुलीपाशी बसून राह्यले. असा राग आल्ता की त्या शेणावरच पाहुण्यांना बसवावं.

घराच्या मागं माझा स्वतःचा एक खड्डा होता. कमरेएवढा खोल. वांग्याची देठं, शेंगांची टरफलं, लिंबाचा पाला, चुलीची राख, शेळीच्या लेंड्या, वरून मातीचा थर, आन भांडी धुतलेलं पाणी. पंधरा दिसाला खालवर करायची. त्याच्या जीवावर माझी वांगी आन दुधी सगळ्या गल्लीला पुरायची. पण त्याला उकिरडा कोण म्हणतंय? अप्पाला, म्हंजे माझ्या बापाला, त्या खड्ड्याची लाज वाटायची.

तिसरं स्थळ धावड्याचं. अप्पा आधी तिकडं घर बघून आल्ता. आल्या आल्या पायसुद्धा धुतले न्हाईत.

"नंदे, उकिरडा म्हंजे उकिरडा. वर जायला शिडी लागंल. आन निळा हाय."

"निळा?"

"निळा. मोठ्या लोकांचं समदंच येगळं असतं."

कोणतं जनावर निळं हागतं, हे इचारायची माझी टाप नव्हती. अप्पा उठला आन शेजारच्या निजामोद्दीन चाचाकडं गेला. चाचाकडं चार बैल, दोन म्हशी, डोंगराएवढा उकिरडा. त्यो म्हणला, "ले जाव रखमाजी. पोरगी मेरी बी हैच ना. पन वापस बराबर तेवढाच पाहिजे हां." आन त्यानं आपल्या जागेवर चुन्याची रेघ मारली, खुणेसाठी.

दोन दिस अप्पा आन चाचा दोघं जण पाट्या वाहून राह्यले. पाठी मोडल्या, पण आमच्या दारात डोंगर उभा राह्यला. अप्पानं त्याला वरून थापून गोल केलं. माझ्या खड्ड्यावर मात्र गोणपाट टाकलं. "एवढुसा खड्डा दिसला तर हसतील," म्हणला. मी मनात लई बोलले.

पाहुणे आले. सासरे होणारे धर्मराज, काळी छत्री, मोठ्या मिशा. मागं पोरगा, मच्छिंद्र. मी दाराच्या फटीतून बघून राह्यले. धर्मराजनं नमस्कार केला आन सरळ उकिरड्यापाशी गेले. काठी आत खुपसली, हलवली, वर वढली.

काठीच्या टोकाला नळीचं हाड होतं.

चाचाच्या बकरी ईदचं. आन आमचा अप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. एकादशीला तर कांद्याचा वास आला तरी उठून जायचा. धर्मराजनं हाडाकडं बघितलं, माळेकडं बघितलं, परत हाडाकडं बघितलं. मच्छिंद्रला खोकला आला. खोकला कसला, हसू दाबून राह्यला होता. मला त्यो तव्हाच आवडला, खोटं कशाला बोलू. म्हणून जीव अजूनच घाबरा झाला. उकिरडा उसना म्हणावं तर हे बी स्थळ गेलं. आपला म्हणावं तर माळ गेली.

अप्पानं माळ मुठीत धरली.

"मीच खातो," म्हणला. "कधीमधी."

ज्या माणसानं जन्मात अंडं फोडलं न्हाई, त्यो माझ्यासाठी भर दारात मटन खाऊन राह्यला होता. मंग मी काय थांबते? पदर खोचला आन बाहेर आले.

"अप्पा खोटं बोलून राह्यले. उकिरडा चाचाचा, हाड बी चाचाचं. आमचा हा," म्हणून मी मागं जाऊन गोणपाट वढलं.

धर्मराज वाकले. खड्ड्यात मनगटापर्यंत हात घातला. "गरम हाय," म्हणले. मूठभर काढून वास घेतला, बोटांनी चुरलं. "शेणाचा वास न्हाई. काय काय घातलं?" मी सगळं सांगितलं, राखेपासून लेंड्यांपर्यंत. सांगता सांगता राग काय जाईना, तव्हा इचारलंच.

"आन तुमचा निळा कसा?"

धर्मराज खाली बसले, पालथ्या पाटीवर. मिशा बी खाली आल्या.

"शेजारी रंगारी हाय," ते म्हणले. "भला माणूस. आठ दिसासाठी दिल्ता."

मच्छिंद्रचा खोकला एकदम बरा झाला, आन त्यो भिंतीला टेकून हसला.

उकिरड्याचे पांग बारा वर्सांनी फिटतात म्हणे. माझे त्या दुपारी फिटले. लग्नाची बोलणी पाट्यांवर झाली. धर्मराज म्हणले, दुसरं काय नको, पोरीसंगं ह्या खड्ड्यातलं पाच पाट्या खत द्या. अप्पा म्हणला तीन. चारवर जमलं.

पाहुणे गेल्यावर मी अप्पाला इचारलं, असं कसं बोललात? त्यो म्हणला, "हाड माझं म्हणलं तर नरकात मी एकटा जाईन. उकिरडा उसना म्हणलं असतं तर तू घरात बसली असतीस." मंग त्या खोट्यापायी त्यो तीन दिस नुसत्या पाण्यावर राह्यला. चाचाला कळलं तव्हा त्यानं बी एक दिस जेवण सोडलं. हाड माझं होतं, म्हणे. उकिरडा परत वाहून नेला, पण त्यो चुन्याच्या रेघेपर्यंत काय भरला न्हाई. चाचानं रेघच पुसली.

पुढच्या दिवाळीला अप्पा धावड्याला आल्ता. उकिरड्यावर पणती लावायचा दिस होता. आमच्या दारातला ढीग गुडघ्याएवढाच, पण काळाभोर. अप्पा लांबूनच बघत उभा राह्यला.

"कुणाचा?" त्यानं हळूच इचारलं.

"माझा."

त्यानं काठीनं दोनदा खुपसून बघितलं. हाड निघालं न्हाई. मंग काठी बाजूला ठेवली, खाली बसला आन आत हात घातला. लई येळ त्यानं हात बाहेर काढलाच न्हाई.