चाळलेलं भरीत

"बघ, बघ कसं मिटून घेतलंय तोंड! कुलूप मेलं!" थोरलीने चमचा ताटलीत आपटला. "जन्मभर हेच केलं या माणसाने. आवडलं नाही तर सांगायचं नाही, नुसती मान फिरवायची. आता मान फिरत नाही, तर तोंड मिटून बसतात."

सून आरशासमोर घाईघाईने वेणी घालत होती. दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिची सकाळची पाळी होती. "आई, ते मुद्दाम नाही हो करत."

"तू काल आलीस या घरात. तू नको मला सांगूस."

काल आलेल्या त्या सुनेच्या भांगात आता पांढरे केस दिसायला लागले होते. पण थोरलीच्या लेखी, तिच्यानंतर या उंबऱ्यातून जो कोणी आत आला तो कालच आला होता. ती या घरची मोठी सून, म्हणून थोरली. धाकट्या जावा आपापले संसार घेऊन पांगल्या, नाव मात्र हिलाच चिकटून राहिलं. तिलाही ते आवडायचं. नावात मान होता आणि मानाशिवाय तिला फारसं काही मिळालंही नव्हतं.

खाटेवर नवरा पडून होता. गवंडी माणूस. अर्ध्या गावाच्या भिंती त्याने गुळगुळीत केल्या होत्या. थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी मोरीत कोसळला, तेव्हापासून उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. वाचा गेली म्हणून शेजारीपाजारी हळहळले. थोरलीला मात्र त्यात मोठासा फरक जाणवला नाही. बोलत होता कधी?

जेवणाच्या बाबतीत तर मुळीच नाही. चांगलं झालं असेल तर ताट बोटाने निपटून उठायचा. बिघडलं असेल तर उरलेलं ताटाच्या कडेला सारायचा आणि चमच्याच्या पाठीने त्यावरून असा हात फिरवायचा, की भिंतीला गिलावा करतोय जणू. मग पाणी पिऊन बाहेर. सगळे जेवून उठले की थोरली आधी त्याचं ताट पाहायची. तिची शाळा पाटी फुटली तेव्हाच संपली होती, पण ते ताट तिला वाचता यायचं. कडेला गिलावा दिसला की त्या दिवशी पोरांच्या पाठीत धपाटे बसायचे.

दुखण्यानंतर घरी येणाऱ्या नर्सने सगळं समजावून सांगितलं होतं. भाजी मऊ हवी, पातळ नको. त्यात बी नको, साल नको, दोरा नको. तिखट नाही, मीठ नावाला. "मिक्सरमधून काढा, मावशी, सोपं पडेल."

"मिक्सरमधून भाजी निघत नाही, खळ निघते," थोरली म्हणाली होती. "कागद चिकटवायला बरी."

आणि ती हाताने करू लागली. भोपळा तव्यावर झाकून भाजायची, त्याच्या कडा करपल्या की काढायची, कुस्करायची आणि पिठाच्या चाळणीतून बोटांनी दाबून खाली उतरवायची. कधी बटाटा, कधी गाजर. वाटीभर चाळायला अर्धी सकाळ जायची आणि मनगट भरून यायचं. पहिले दिवस नवऱ्याने खाल्लं. हळूहळू, ओघळत, पण खाल्लं. ती ओघळ पुसायची आणि चमचा पुन्हा भरायची. मग घास कमी होत गेले. या आठवड्यात तर तोंडच मिटलं. भोपळ्याला मिटलं, बटाट्याला मिटलं, आज गाजरालाही.

"मला कळलंय काय ते," सुनेच्या डब्याचं झाकण दाबत थोरली म्हणाली. "बिनमिठाचं मी तरी खाल्लं असतं का? थुंकले असते तोंडावर. ती नर्स पोर शहाणी असेल तिच्या घरी. आज वांगं भाजते, मीठ घालून. बघू कसं तोंड उघडत नाही."

"आई, नको ना. नर्स येणारच आहे आज. तिला विचारून..."

"विचारते हो! नवरा माझा आणि विचारू तिला!"

सुनेने घड्याळ पाहिलं. तिची गाडी चुकलीच होती. पायात घातलेल्या चपला तिने पुन्हा काढल्या.

वांगं थोरलीने स्वतः निवडून आणलं होतं. मोठं असून हाताला हलकं लागलं ते घेतलं, म्हणजे आत बिया कमी. भाजीवाला म्हणाला, किती दाबाल आजी, त्याला पण जीव आहे. ती म्हणाली, तुझ्या तराजूला आहे का, ते बघ आधी.

तिने त्याला तेलाचा हात लावला, दोन चिरा दिल्या आणि जाळीवर ठेवलं. देठाला धरून ती ते फिरवत राहिली. साल आधी चमकली, मग सुरकुतली, मग तडतडून फुटली. रस ज्योतीवर पडून चर्र आवाज झाला, निळी ज्योत पिवळी झाली. घरभर तो वास पसरला. खाटेवरून गॅसपाशी उभी असलेली ती दिसत होती आणि तो बघतही होता. थोरलीने ते ताडलं. "येतोय ना वास? यायचाच!"

वांगं पोटात मऊ झालं तशी तिने ते उतरवलं, ओल्या हाताने साल ओढून काढली. चटका बसायचे दिवस त्या बोटांनी कधीच मागे टाकले होते. पाकळीभर लसूण भाजून घातली. मिठाची चिमूट घातली, थांबली आणि आणखी एक घातली. मग सगळं चाळणीवर घेऊन घासू लागली. बिया वर राहिल्या. खाली वाटीत उतरलं ते राखाडी, मऊ, धुराच्या वासाचं.

ती त्याच्या उशाशी बसली. चमचा ओठांना लावला. ओठ मिटलेलेच.

एरवी तिने चमचा आपटला असता. पण वास तिच्याही नाकात होता, आणि त्या वासाने की काय, तिचा आवाज खाली आला.

"अहो," ती म्हणाली. "एक घास घ्या ना. माझं राहू द्या, वांग्याकडे बघून घ्या. इतकं छान भाजलंय. मी आजवर काही मागितलं का तुमच्याकडे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग खालचा ओठ हलला आणि तोंड उघडलं.

तिने एक चमचा दिला, दुसरा दिला. तिसरा देता देताच तिने सुनेला हाक मारली, इतका आनंद झाला तिला. "सूनबाई! ए सूनबाई! ये बाहेर! खाल्लं गं! म्हटलं नव्हतं मी? मिठासाठी अडलं होतं सगळं!"

सून मोरीतून धावत आली. आली ती आनंदाने, पण सासऱ्याचा चेहरा पाहिला आणि तिचा रंग उडाला. "आई, ते गिळत नाहीयेत. गाल बघा त्यांचे. आई, श्वास!"

गाल फुगले होते. ओठांभोवती निळसर झालं होतं आणि घशातून बारीक घरघर येत होती. सुनेने त्याला खांद्याला धरून कुशीवर ओढलं आणि पाठीत थापट्या मारल्या. थोरलीने त्याच्या तोंडात बोट घातलं. सगळं तिथेच होतं. पहिला घासही आणि तिसराही. तिने एकेक बोटभर बाहेर काढलं, पदराला पुसलं, पुन्हा काढलं. मग तो खोकला, श्वास आत गेल्याचा आवाज झाला आणि दोघी तिथेच फरशीवर टेकल्या.

नर्स आली तेव्हा सुनेने सगळं सांगितलं. मीठही सांगितलं. नर्स रागावली नाही. तिने म्हाताऱ्याच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, कापसाचा ओला बोळा जिभेला लावला आणि वाट पाहिली. गळा हलला नाही. तिने पुन्हा लावला. मग तिने थोरलीला दाराशी बोलावलं.

"मिठाचा काही संबंध नाही, मावशी. गिळणं थांबलंय. एका दिवसात नाही होत हे, आठवडाभर होत आलं असणार. त्यांना कळलं असेल. म्हणून तोंड मिटत होते."

"माझ्यावरचा राग नव्हता तो?"

"नाही हो. जीव गुदमरतो, म्हणून."

थोरलीने दाराची कडी धरली. "मग आज का उघडलं?"

नर्स पिशवी आवरू लागली. "ते मी कसं सांगू? ते तुम्हालाच ठाऊक."

नळीचं बोलणं निघालं. नाकातून घालता येईल, नर्स म्हणाली, पण दुसरा झटका येऊन गेलेला दिसतोय. नळीने दिवस वाढतील, माणूस नाही वाढणार. सुनेने कामावर असलेल्या आपल्या नवऱ्याला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, आई म्हणेल तसं. थोरलीने फक्त मान हलवली, आणि ती नाहीची मान आहे हे दोघींनाही कळलं.

"ओठ ओले ठेवा," नर्स जाता जाता म्हणाली. "एवढंच आता."

पदर माखला म्हणून सुनेने दुसरं लुगडं आणून दिलं, ते थोरलीने बाजूला ठेवलं. तिने ओट्यावरची वाटी उचलली. टाकायला म्हणून बादलीपाशी गेली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. स्टूल ओढून ती खाटेपाशी आली आणि नवऱ्याच्या समोर, त्याच्या नजरेत येईल अशी बसली. वाटीतलं गार भरीत बोटाने खाऊ लागली. घाई नाही, थांबणं नाही. प्रत्येक घास नीट गिळत तिने वाटी संपवली. तो बघत होता. उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते झटक्यानंतर येतच असे.

"आई," सून हळूच म्हणाली, "मी करू का काही गरम?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं नाही. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून तिने नवऱ्याच्या ओठांवरून फिरवला, एकदा वरच्या, एकदा खालच्या. मग त्याच्या कानाशी वाकून, पण साऱ्या घराला ऐकू जाईल अशा तिच्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाली,

"छान झालं होतं. तुम्हाला कळणार नाही, म्हणून मीच सांगते. आणि हेही ऐकून ठेवा. माणूस वाईट नव्हतात तुम्ही. पण बोलायचं होतं हो, धड होतात तेव्हा."